मागच्या सीटवाली

माझं चष्म्याचं दुकान सव्वीस वर्षं चालू आहे. पाटीवर माझं नाव आहे, अक्षरं ठसठशीत आहेत, आणि तरी निम्मी गिऱ्हाइकं आत आल्या आल्या विचारतात, "तुम्ही त्या मागच्या सीटवालीचे भाऊ ना?" पूर्वी मला ह्याचा भयंकर राग यायचा. अख्ख्या भागाच्या नाकांवर चष्मे मी बसवायचे आणि ओळख काय, तर बहिणीचा भाऊ! आता राग येत नाही. उलट कोणी विचारलं नाही तर मीच विषय काढतो. हे कसं झालं ते सांगतो, आणि त्यात माझी चांगलीच शोभा होणार आहे हेही आधीच सांगून ठेवतो.

मागच्या सीटवाली म्हणजे माझी थोरली ताई. वय बासष्ट, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. कोणाला वापरलेली हायब्रिड गाडी घ्यायची असली की सौदा ठरवण्याआधी तो ताईला बोलावतो. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर असं दोन्ही असलेली गाडी. बाकी गाडी कोणीही गॅरेजवाला पाहून देतो, पण मोटरला वीज पुरवणारी मोठी बॅटरी अजून किती तग धरेल हे सांगायला वेगळाच माणूस लागतो. ही बॅटरी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे असते. म्हणून ताई कधी पुढे बसत नाही. घेणाऱ्याला गाडी चालवायला लावते आणि स्वतः मागे, बॅटरीला पाठ टेकून बसते. गाड्यांचे दलाल तिला लांबून पाहूनच कुजबुजतात, "आली मागची सीट!" आणि ज्याच्या गाडीत खोट असते त्याला एकदम दुसरीकडचं काम आठवतं.

तिच्या अंगात कायम एक राखाडी कोट असतो, गुडघ्यापर्यंत येणारा आणि खालच्या कडेला बारीक बारीक भोकं पडलेला. भोकं ॲसिडची आहेत. माझ्या बायकोने एकदा तिला नवा कोट आणून दिला. ताईने त्याची नीट घडी घालून तो कपाटात ठेवला आणि म्हणाली, "छान आहे गं. पण ह्याला अजून काहीच येत नाही."

ॲसिडची गोष्ट टेलिफोन एक्सचेंजची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई एकोणीस. वडील लांब पल्ल्याचा मालट्रक चालवायचे, महिन्यातले जेमतेम आठ दिवस घरी. ताईने कॉलेज सोडलं, एक्सचेंजच्या बॅटरीखोलीत नोकरी धरली आणि मला वाढवलं. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन अभ्यासाचं नाटक करत बसायचो. लांबट खोली, उंचावर खिडक्या, आणि दोन रांगांत काचेच्या चोवीस टाक्या, माझ्या कमरेएवढ्या. वीज गेली की सगळ्या गावाचे फोन ह्या चोवीस टाक्यांवर चालायचे. ताई रोज प्रत्येक टाकीत काचेची नळी बुडवायची, नळीतला तरंगता काटा डोळ्याजवळ धरून आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. तिथल्या मुकादमांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, चोवीसांची बेरीज बघत बसू नकोस. त्यातली सगळ्यात अशक्त कोण, तेवढं शोध." हे ती अजून सांगते, त्यांच्याच घोगऱ्या आवाजात.

एकदा तिला एकोणिसाव्या टाकीचा संशय आला. मुकादम म्हणाले, चालेल की अजून सहा महिने. ताई वाद घालत बसली नाही. रोज सकाळी त्यांच्या टेबलावर एकोणिसाव्या टाकीचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायची, बस. शेवटी वैतागून त्यांनी टाकी बदलली. पुढच्याच आठवड्यात वादळ आलं, विजेचे खांब आडवे झाले आणि एक्सचेंज पावणेदोन दिवस त्या टाक्यांवर चाललं. दवाखान्याचा फोन चालू, अग्निशामकवाल्यांचा चालू. मुकादमांनी उठून ताईला स्वतःची खुर्ची दिली म्हणे. हे 'म्हणे' मी उगाच लावलं. मी तिथे होतो, मी पाहिलंय.

त्याच वर्षी मीही एक पराक्रम केला. गणितात अडतीस मिळाले होते, इंग्रजी आकड्यांत लिहिलेले. मी निळ्या शाईने तीनाला डावीकडून दोन वळणं जोडली आणि अडतीसचे अठ्ठ्याऐंशी करून टाकले. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही ताई करायची. तिने ते उघडलं आणि बराच वेळ पाहिलं. आकडा मी झकास केला होता, पण शेजारी मास्तरांचा शेरा तसाच राहिला होता: 'गणितात लक्ष नाही.' ताई ओरडली नाही. म्हणाली, "हा आकडा बदललेला आहे. कोणी बदलला ते कागद सांगत नाही." आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मास्तरांनीच बदलला असेल," मी म्हणालो.

तिने पेनाला टोपण लावलं. "ज्याने बदलला तो सांगेल तेव्हा सही करीन." मी चार दिवस ताकास तूर लागू दिली नाही. मग वडील आले, त्यांनी न बघता सही ठोकली आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

ताई चव्वेचाळीस वर्षांची असताना एक्सचेंजमध्ये नवी यंत्रणा आली. चोवीस टाक्यांच्या जागी एक कपाट आलं. त्याला ना पाणी लागायचं, ना ताई. निरोपाच्या वेळी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढचे दोन महिने ती घरातली भांडी घासून घासून पातळ करत होती. मग एक दिवस शेजाऱ्यांची हायब्रिड बंद पडली. मेकॅनिक मागची सीट काढून डोकं खाजवत बसला होता आणि ताई सहज डोकावली. आत अठ्ठावीस चपटे डबे रांगेत उभे, दोन-दोनांची जोडी, प्रत्येक जोडीला एक तार. ताई धावत माझ्या दुकानात आली. मी एका गृहस्थांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होतो, तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अरे, आपलीच खोली आहे ती! आडवी करून गाडीत घातलीये!"

इतका आनंद मी तिच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता. पुढची दोन वर्षं तिने शिकण्यात घातली. एका गॅरेजात फुकट राबली. माझ्याकडचं भिंग नेऊन गाड्यांची जाडजूड पुस्तकं वाचली. बॅटरी उघडण्याआधी नारिंगी खटका ओढून वीज तोडायची, रबरी हातमोजे चढवायचे आणि तरीही दहा मिनिटं हात मागे बांधून थांबायचं, हे ती तिशीतल्या मेकॅनिकांना दटावून सांगायला लागली. एक छोटा स्कॅनर घेतला. स्टिअरिंगखालच्या खाचेत त्याचं टोक लावलं की चौदा जोड्यांचे आकडे एकाखाली एक दिसतात. तो जुना झाला तेव्हा तिने नवा घेतला आणि जुना मला देऊन टाकला. हा जुना स्कॅनर लक्षात ठेवा.

तिची पद्धत ठरलेली आहे. सकाळी लवकर जायचं, गाडी कोणी चालू करण्याआधी. पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागला तर सरळ परत फिरायचं, कारण गाडी आधीच फिरवून बॅटरी भरून ठेवलेली असू शकते. विकणाऱ्याने कागद पुढे केले की ते पालथे घालून ठेवायचे. मग मागच्या सीटच्या कडेची पंख्याची जाळी काढायची. बॅटरी गार राहावी म्हणून एक छोटा पंखा गाडीतलीच हवा ओढत असतो आणि त्याच्या जाळीत त्या घराचा सगळा संसार अडकलेला असतो, बिस्किटांचा चुरा, लोकर, केस. जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि वेळेआधी म्हातारी होते. ताई जाळी उजेडात धरून म्हणते, "कुत्रं पांढरं होतं ना?" आणि विकणाऱ्याची बोबडी वळते.

त्यानंतर चढ. आमच्याकडे पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक लांब चढ आहे. सपाट रस्त्यावर कुठलीही बॅटरी गुणी वाटते, चढावर पाय दाबला की अशक्त जोडी मान टाकते. आणि निकाल ती घेणारा आणि विकणारा, दोघांना एकत्र उभं करून एकदाच सांगते. कोणाला बाजूला घेऊन कानात सांगणं तिच्या नियमात नाही. तिच्या कागदावर शेवटची ओळ असते, 'विकणाऱ्याचं म्हणणं', आणि ती ओळ भरल्याशिवाय ती खाली सही करत नाही.

ती फक्त गाड्या नापास करते असं दलाल सांगत फिरतात, ते धादांत खोटं आहे. एका आजोबांची गाडी ते आजारी असल्यामुळे पाच महिने एका जागी उभी होती. दोघा दलालांनी आकडे बघून तिला भंगारात काढलं. ताईने आकडे पाहिले आणि म्हणाली, "ही आजारी नाही, ही झोपलेली आहे." उभ्या गाडीची बॅटरी उतरते, जोड्या पुढेमागे होतात. ताई रोज सकाळी जाऊन ती गाडी फिरवून आणायची. चौथ्या दिवशी चौदाच्या चौदा जोड्या एका रेषेत आल्या. ती गाडी आजही रस्त्यावर धावते आहे. दिसली की मी बायकोला कोपराने ढोसतो.

आता माझी शोभा.

माझ्याकडेही एक हायब्रिड होती, ताईनेच पसंत करून दिलेली. तिने तेव्हा एकच सांगितलं होतं, वर्षातून दोनदा जाळी साफ कर. सहा वर्षं ती विचारत होती आणि सहा वर्षं मी 'हो हो, करतो' म्हणत होतो. जाळी कुठे असते हेसुद्धा मी विसरलो होतो. मग एक दिवस समोर पिवळा त्रिकोणी दिवा लागला. जुना स्कॅनर लावून पाहिला तर सातवी जोडी इतरांच्या खाली. मधल्या जोड्या जास्त तापतात, म्हणून आधी जातात, हे ताईकडून शंभरदा ऐकलेलं होतं. आता तिला काय तोंडाने सांगणार? मी ठरवलं, गाडी गुपचूप विकून टाकायची.

त्याच स्कॅनरने मी दिवा पुसला, म्हणजे बिघाडाची नोंद काढून टाकली आणि दिवा विझला. पुसलेला दिवा ओळखायची ताईची एक खूण मला ठाऊक होती: दिवा पुसला की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या स्कॅनरवर अपुऱ्या दिसतात, आणि त्या पुऱ्या व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. म्हणून मी तीन दिवस दुकान लवकर बंद करून सपाट रस्त्याने हळूहळू चकरा मारल्या. तपासण्या पुऱ्या झाल्या. मग जाळी शोधून काढली आणि ब्रशने घासून घासून लख्ख केली.

"अहो, माझा केसांना रंग लावायचा ब्रश कुठे गेला?" बायकोने विचारलं. मी जाळी परत बसवायला वाकलो. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ताईंना कळणार." मी म्हटलं, "ताईला कोण बोलावतंय?"

दुकानाच्या काचेवर मी 'गाडी विकणे आहे' असा कागद लावला. चौथ्या दिवशी एक सुईणबाई चष्मा करायला आल्या. शिकलेल्या, चाळिशीच्या, डोंगराकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जाणाऱ्या. त्यांची जुनी गाडी दोनदा वाटेत बंद पडली होती. "गाडी थांबली की मी एकटी थांबत नाही हो," त्या म्हणाल्या, "तिकडे एक बाई वाट बघत असते." माझी गाडी त्यांना आवडली. आत बसून पाहिलं, सामानाची पेटी मागे ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "रविवारी मागच्या सीटवाल्या बाईंना घेऊन येते. त्यांनी हो म्हटलं की माझं हो."

"त्या... माझी बहीण आहे," मी म्हणालो.

"मग तर काही प्रश्नच नाही!" सुईणबाई म्हणाल्या आणि इतक्या विश्वासाने हसल्या की मी उगाच त्यांच्या चष्म्याची काच पुसत बसलो.

शनिवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. "बाईंना मी सांगितलंय की तू माझा सख्खा भाऊ आहेस, हवं तर दुसरं कोणी बघा. त्या म्हणाल्या, तुम्हीच या. तेव्हा उद्या सकाळी सातला येते. गाडी चालू करू नकोस."

"नाही करत."

"काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. उद्या मी बहीण म्हणून येणार नाही."

"काही नाही गं. चांगली आहे गाडी."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. खरं सांगतो, फोन ठेवल्यावरही मला वाटत होतं, ताईच ती, सांभाळून घेईल. लहानपणापासून सगळं तिनेच तर सांभाळलं होतं.

रविवारी ती सातला आली, राखाडी कोटात. मला 'कसा आहेस'सुद्धा विचारलं नाही. बॉनेटवर हात ठेवला. गार. माझे कागद पालथे घातले. मागचं दार उघडून खाली वाकली आणि जाळी काढून उजेडात धरली. जाळी इतकी लख्ख होती की पलीकडे उभ्या सुईणबाई स्पष्ट दिसत होत्या. ताईने जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत जाळीकडे. कुत्र्याचा केस नाही, धाग्याचा तुकडा नाही. सहा वर्षं मी ज्या कामाला हात लावला नाही ते काम कोणीतरी जीव तोडून केलं होतं.

"जाळी साफ आहे," ती मोठ्याने म्हणाली आणि कागदावर लिहिलं. सुईणबाईंना ते कौतुक वाटलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गाडी सुईणबाई चालवत होत्या, मी शेजारी, ताई मागे स्कॅनर मांडीवर घेऊन. बाजारातून, पुलावरून, सपाट रस्त्याने गाडी लोण्यासारखी चालली. "किती शांत आहे!" सुईणबाई म्हणाल्या. मला जरा धीर आला. मग ताईचा आवाज आला, "आता टाकीकडे घ्या. चढ लागला की पाय दाबा, सोडू नका."

चढ अर्धा झाला आणि मागे पंखा भणभणायला लागला. समोरची चार्जची पट्टी भराभर उतरली. मी मान वळवून पाहायची हिंमत केली नाही. वरच्या आरशात ताईचा फक्त अर्धा चेहरा दिसत होता. तोच चेहरा, काचेची नळी डोळ्यांसमोर धरून आकडा वाचणारा. वर पोचल्यावर ती म्हणाली, "खाली उतरा, परत एकदा चढा." आम्ही तीनदा चढलो. तिसऱ्यांदा तिने गाडी वळवायला सांगितली.

घराच्या अंगणात तिने आम्हा दोघांना गाडीच्या एका बाजूला उभं केलं, नेहमी करते तसं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"तेरा जोड्या ठीक आहेत," ताई म्हणाली. "सातवी जोडी गेलेली आहे. चढावर बाकीच्या चौदा व्होल्टच्या वर राहतात, ही तेरावर येते. आज गाडी चालते आहे, पण उन्हाळ्यात किंवा लांबच्या चढावर ही बॅटरी दगा देईल. तुमच्या कामाला ही गाडी अशी घेऊ नका." मग कागद उलटला. "दुसरं, पिवळा दिवा लागलेला होता आणि तो पुसलेला आहे. पुसल्यानंतर गाडी एकशे बेचाळीस किलोमीटर चालली आहे, ही नोंद गाडी ठेवते. कोणी पुसला ते यंत्र सांगत नाही."

किलोमीटरची नोंद! ते ताईने मला कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी 'हो हो' म्हणत असेन.

ताईने पेन उघडलं आणि शेवटच्या ओळीवर टेकवलं. "विकणाऱ्याचं म्हणणं?"

सगळ्यांना विचारते तशाच आवाजात तिने विचारलं. पण ते आधीचं वाक्य मी ओळखलं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी मी तेच ऐकलं होतं. ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती, माझ्यासाठी तिने एक अक्षर लपवलंही नव्हतं, आणि तरीही दार माझ्यापुरतं उघडं ठेवलं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं: मेकॅनिकने पुसला असेल. अगदी जिभेवर आलं होतं. आणि तेवढ्यात मला त्या कोटाची कड दिसली, ती बारीक भोकं. ती भोकं पडत होती तेव्हा ती माझ्या शाळेचे बूट आणत होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"दिवा मी पुसला," मी म्हणालो. "तू दिलेल्या स्कॅनरने. सातवी जोडी गेलीये हे मला माहीत होतं. जाळीसुद्धा गेल्या आठवड्यातच साफ केली, सहा वर्षांत पहिल्यांदा."

"जाळीचं कळलं होतं," ताई म्हणाली. तिने मान खाली घालून सगळं लिहून घेतलं, एकही शब्द सौम्य न करता. दारातून बायको म्हणाली, "ब्रशचंही लिहा, ताई."

सुईणबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मला ह्या गाडीने डोंगरात पाठवणार होतात."

"हो," मी म्हणालो. ताई मध्ये पडली नाही, आणि तिने पडायलाही नको होतं.

मग सुईणबाई ताईकडे वळल्या. "बाकी गाडी कशी आहे?"

"बाकी उत्तम. माझा भाऊ आळशी आहे, त्यामुळे गाडी फारशी घासलेली नाही." ताईने सही केली. "पण फक्त सातवी जोडी बदलून चालणार नाही. जुन्यांत एक नवी घातली की चार दिवस बरं दिसतं, मग शेजारच्या जोड्या मागे पडतात. पूर्ण बॅटरी नवी हवी."

"मी घालतो," मी म्हणालो. "नवी, पूर्ण. आणि ताई परत तपासेल. तरच घ्या."

सुईणबाईंनी विचार करायला दोन दिवस घेतले. मग त्यांचा फोन आला, मला नाही, ताईला. "सख्ख्या भावाला समोर उभं करून नापास करणारी बाई मला दुसरीकडे कुठे मिळणार?" असं त्या म्हणाल्या. ताईने हे मला सांगितलं नाही. सुईणबाईंनीच नंतर चष्मा न्यायला आल्या तेव्हा सांगितलं, आणि दुकानात तीन गिऱ्हाइकं असताना माझी छाती अशी फुगली की विचारू नका. नापास मी झालो होतो, हे मी त्या घडीला साफ विसरलो होतो.

तीन आठवड्यांनी नवी बॅटरी बसली. ताई परत सकाळी सातला आली. बॉनेटवर हात, कागद पालथे, जाळी उजेडात. मला वाटलं होतं, नवीकोरी बॅटरी आहे, एक चढ पुरे. तिने परत तीनदा चढायला लावलं. तिसऱ्या चढावर, सुईणबाई पाय दाबून धरत असताना, मी ह्यावेळी मान वळवून पाहिलं. चौदा आकडे एका रेषेत उभे होते आणि ताई त्यांच्याकडे बघून अगदी थोडंसं हसत होती. एकोणिसावी टाकी बदलली त्या दिवशी हसली होती तशी.

अंगणात तिने विचारलं, "विकणाऱ्याचं म्हणणं?"

"जाळी वर्षातून दोनदा साफ करा," मी सुईणबाईंना म्हणालो. "मी केली नाही म्हणून हे झालं."

ताईने तेही लिहिलं आणि सही केली. सुईणबाईंनी सामानाची पेटी मागे ठेवली आणि गाडी घेऊन गेल्या. गाडी गेली म्हणजे आता मला ताईला घरी सोडायला गाडी नव्हती. आम्ही दोघं चालत निघालो. तिचं घर काही लांब नाही. पाण्याच्या टाकीच्या फाट्यापाशी ती श्वास घ्यायला थांबली आणि मी म्हणालो, "ताई, तो गणितातला आठसुद्धा मीच केला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मास्तरांचा आठ इतका जाडा कधीच नव्हता."

"मग आता सही?"

ताईने कोटाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात पुढे केला. "आण प्रगतिपुस्तक."

प्रगतिपुस्तक कधीच गेलं, शाळासुद्धा आता तिथे नाही. पण ती टोपण उघडून, हात पुढे करून तशीच उभी होती, रस्त्याच्या कडेला, बासष्टाव्या वर्षी. माझ्याकडे खिशात दुकानाची कोरी पावती तेवढी होती. मी ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने पावतीवर अडतीस लिहिलं, स्वच्छ, खाडाखोड न करता, आणि खाली सही केली. ती पावती मी काच घालून दुकानात लावली आहे, माझ्या नावाच्या पाटीखाली. गिऱ्हाइकं विचारतात, हे अडतीस कसले? मग मी त्यांना खुर्ची देतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो.